बिरसीची धावपट्टी आणि तिचे शेजारी

१३ मार्च २०२२ रोजी इंदूरहून निघालेले फ्लायबिग कंपनीचे एटीआर जातीचे विमान गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर उतरले आणि पुढे हैदराबादला गेले. 'उडान' योजनेतली गोंदियाची ती पहिली सेवा होती. गोंदियाला विमान आले, अशा बातम्या झाल्या. शहराला आनंद होणे साहजिक होते. मात्र त्या दिवशी बिरसीच्या धावपट्टीने वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, महाराष्ट्र राज्य १९६० चे, देशाचे स्वातंत्र्य १९४७ चे; ही धावपट्टी या तिन्हींच्या आधीची आहे. तिने मालक बदलले, कामे बदलली, रूप बदलले. बदलली नाही ती तिच्या शेजारी राहणाऱ्यांची जागा. तिच्याबद्दलचा प्रत्येक निर्णय दुसरीकडे झाला आणि बिरसी, कामठा, खातिया, परसवाडा, झिलमिली या गावांना तो नंतर कळला. या धावपट्टीचा मागोवा घ्यायचा तो एवढ्याचसाठी.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. गोंदिया शहरापासून ईशान्येला साधारण १२ किलोमीटरवर बिरसी आहे. आजूबाजूला धानाच्या बांध्या, मधून मधून बोड्या आणि मालगुजारी तलाव. पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा सुरू होतो. बोलण्यात पोवारी, हिंदी, झाडीबोली आणि मराठी अशा एकत्र नांदतात की कोणती कुठे संपते ते सांगता येऊ नये. शेजारच्या कामठ्याला तर मोठा इतिहास आहे. भोसल्यांच्या काळात कामठ्याची जमीनदारी या मुलखातल्या मोठ्या जमीनदाऱ्यांत गणली जाई. १८१८ च्या धामधुमीत इथल्या जमीनदाराने बंड केले, ते मोडून काढले गेले, आणि जमीनदारी मूळ घराण्याच्या हातून जाऊन लोधी घराण्याकडे आली. वरची सत्ता बदलली की इथल्या जमिनीचा धनी बदलतो, हा अनुभव या पट्ट्याला विमानाच्या कितीतरी आधीपासून आहे.

मग रेल्वे आली. नागपूर-छत्तीसगड स्टेट रेल्वेची मीटर गेज लाइन १८८० च्या सुमारास नागपुरातून राजनांदगावकडे सरकू लागली. पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेने घेतली आणि ब्रॉड गेज केली. विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी नॅरो गेज लाइन गोंदियाला येऊन मिळाली आणि गोंदिया जंक्शन झाले. या लाइनींनी खेड्याचे शहर केले. धान आला, भात गिरण्या उभ्या राहिल्या, तेंदूपत्ता आला, विडीचे कारखाने आले, व्यापारी पेढ्या आल्या. रेल्वेला जमीन द्यावी लागली होतीच. पण ज्याच्या शेतातून रूळ गेले, तोही पुढच्या हंगामात आपले पोते बैलगाडीत घालून त्याच स्टेशनावर नेऊ शकत होता. मजुराला तिथे हमाली मिळत होती, बाईला भाजी विकता येत होती. तिकीट काढले की गाडी त्याचीही होती. पुढे विमानतळाबद्दल जे म्हणायचे आहे, त्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

१९४० साली, दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, ब्रिटिशांनी बिरसीला धावपट्टी बांधली. आज आपण ज्यांना आपले विमानतळ म्हणतो, त्यांतले बरेचसे त्याच युद्धाची वा त्याच्या तयारीची देणगी आहेत. पुण्याचे लोहगाव १९३९ चे, मुंबईच्या सांताक्रूझचीही वाढ युद्धकाळातच झाली. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, जपानी फौजा भारताच्या पूर्व सीमेला येऊन भिडल्या, आणि किनाऱ्यापासून दूर, देशाच्या पोटात असलेल्या धावपट्ट्यांचे मोल वाढले. विमान उतरवायला लागते ती सपाटी, साहित्य आणायला जवळ रेल्वे आणि समोर मोकळे आकाश. गोंदियाच्या परिसरात हे तिन्ही होते.

इथे त्या सपाटीबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. धानाच्या मुलखातली सपाटी निसर्गाने आयती दिलेली नसते. बांधीत पाणी सगळीकडे सारखे उभे राहायला हवे, म्हणून शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी माती ओढून ओढून एकेक बांधी समतल केलेली असते, धुरे घातलेले असतात, वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी उतरण्याच्या वाटा आखलेल्या असतात. नकाशावर अभियंत्याला जी 'सपाट मोकळी जमीन' दिसते, तिच्यात किती माणसांचे श्रम मुरलेले आहेत ते नकाशा सांगत नाही. भूसंपादनाच्या मोबदल्यातही या श्रमाचा रकाना कधी नव्हता. १८९४ चा भूसंपादन कायदा आणि युद्धकाळातला भारत संरक्षण कायदा यांच्या जोरावर सरकार हवी ती जमीन घेऊ शकत होते. जनसुनावणी नावाची गोष्ट तेव्हा अस्तित्वातही नव्हती. दूरच्या लढाईसाठी, ज्या सरकारला आपण निवडलेले नाही त्याने, आपल्या मुलखात लांबच लांब पट्टी आखली, इतकेच शेजारच्या गावांच्या वाट्याला आले.

युद्ध संपले, इंग्रज गेले. धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आली आणि पुढची पन्नासेक वर्षे जवळजवळ निजून राहिली. अधूनमधून एखाद्या मंत्र्याचे छोटे विमान, एखादा सरकारी दौरा, बस्स. या काळाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, आणि ही चांगलीच गोष्ट म्हणायची. ज्या धावपट्टीला धड कुंपण नसते ती गावाच्या अंगवळणी पडते. तिच्या कडेने गुरे चरतात, पोरे सायकल शिकतात, पलीकडच्या टोल्यावर जायला ती सरळ वाट होते. जमीन कागदोपत्री सरकारची असली तरी वापरात ती गावाची राहते. विमानतळ आणि शेजारी यांच्यातला सलोखा अशा वेळी कोणी घडवून आणावा लागत नाही, कारण विमानतळच जवळपास नसतो.

ही झोप १९९८ मध्ये मोडली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये धावपट्टी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, म्हणजे एमआयडीसीकडे गेली. पुढच्याच वर्षी गोंदिया जिल्हा झाला. जिल्हा झाला की कचेऱ्या येतात, आणि आपल्या जिल्ह्याला विमानतळ हवा ही आकांक्षाही येते. २००४ मध्ये गोंदियाचे प्रफुल्ल पटेल केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री झाले आणि २०११ च्या जानेवारीपर्यंत त्या पदावर राहिले. डिसेंबर २००५ मध्ये बिरसी भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेले. त्यानंतरचे बदल झपाट्याने झाले. धावपट्टी २,३०० मीटर लांब झाली, म्हणजे एअरबस किंवा बोइंगची मध्यम विमाने उतरू शकतील इतकी. टर्मिनल झाले, नियंत्रण मनोरा झाला. भोवती भिंत आली.

बिरसीच्या इतिहासात ही भिंत धावपट्टीपेक्षाही मोठी घटना आहे, असे मला वाटते. पट्टी होती तोवर गाव तिच्या शेजारी राहू शकत होते. भिंत आल्यावर कोण आत आणि कोण बाहेर हे ठरले, आणि बिरसीची शंभरावर कुटुंबे विस्ताराच्या आड येतात असे निघाले. यामागे तांत्रिक कारणे असतात आणि ती खरी असतात. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. तिच्या टोकांपासून पुढे आकाशात एक अदृश्य उतार धरलेला असतो. मोठ्या धावपट्टीसाठी तो साधारण पन्नास मीटर अंतराला एक मीटर उंची इतका सौम्य असतो. त्या उताराच्या वर घर, झाड, टॉवर, काही डोकावायचे नाही. मोठ्या धावपट्टीभोवती चार किलोमीटरच्या परिसरात ४५ मीटरच्या वर बांधकाम चालत नाही. २०१५ च्या नियमांनी उंचीच्या परवानगीचे हे क्षेत्र २० किलोमीटरपर्यंत नेले, म्हणजे गोंदिया शहर आणि तिथल्या भात गिरण्यांची धुराडीही त्यात आली. वैमानिकाच्या आणि प्रवाशाच्या जिवासाठी हे नियम आवश्यक आहेत, याबद्दल वाद नाही. पण नियमाचा लाभ विमानात बसलेल्याला आणि भार जमिनीवर राहणाऱ्याला, अशी ही वाटणी आहे. म्हणून ज्याच्यावर भार टाकायचा त्याचे देणे आधी चुकते करणे, हे उपकाराचे नव्हे तर कर्तव्याचे काम ठरते.

बिरसीत तसे झाले नाही. गोंदियाच्या वर्तमानपत्रांची जिल्ह्याची पाने चाळली तर 'बिरसी प्रकल्पग्रस्त' हे दोन शब्द वर्षामागून वर्षे भेटत राहतात. पुनर्वसनाची जागा, भूखंड, घराचा मोबदला, नव्या गावठाणात रस्ता-पाणी-वीज, घरटी एकाला नोकरी. जिल्हाधिकाऱ्यांकडे बैठक, निवेदन, उपोषण, आश्वासन, पुन्हा बैठक. जे गाव हलणार असे ठरलेले असते पण हलत नाही, त्याचे हाल फार वेगळे असतात. जुने घर पडायला आले तरी दुरुस्तीवर पैसा घालवावा की नाही कळत नाही. ग्रामपंचायतीला त्या वस्तीत नवी नाली, नवा रस्ता करता येत नाही, कारण ती जागा जाणार आहे. मुलीकडचे लोक विचारतात, तुमचे घर नेमके कुठे असणार? पाडायला कोणी येत नाही आणि बांधायला कोणी सांगत नाही. अशा अधांतरी अवस्थेचा मोबदला कोणत्याही कायद्यात मोजलेला नाही.

नोकरीचा प्रश्न तर आणखी गुंतलेला. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्ताचा दाखला असला की राज्य सरकारच्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या नोकऱ्यांत ५ टक्के समांतर आरक्षण मिळते. पण विमानतळ प्राधिकरण ही केंद्राची संस्था. तिची भरती देशपातळीवर होते. ज्या भिंतीसाठी शेत गेले त्या भिंतीच्या आत तो दाखला चालत नाही. तिथे स्थानिकांच्या वाट्याला येते ते ठेक्यातले काम: सफाई, गवत कापणी, पहारा, स्वयंपाक, गाडी हाकणे. ठेकेदार बदलला की माणूस बदलतो. मग पुन्हा निवेदन आणि पुन्हा बैठक.

विमानतळ तयार झाला, पण प्रवासी विमाने आली नाहीत. आली ती शिकाऊ विमाने. हा टप्पा बिरसीच्या कहाणीत सर्वांत लांबलेला आणि माझ्या मते सर्वांत कमी समजून घेतलेला आहे. २००३ मध्ये एअर डेक्कन, २००५ मध्ये स्पाइसजेट, २००६ मध्ये इंडिगो अशा कंपन्या भराभर उभ्या राहिल्या आणि देशात वैमानिकांची टंचाई झाली. त्या टंचाईवर उपाय म्हणून विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून गोंदियाला नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट सुरू केली. रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीही आपली विमाने इथे आणू लागली, कारण उत्तर प्रदेशात हिवाळ्यात धुके दाटते आणि गोंदियाचे आकाश पावसाळा सोडला तर बहुधा मोकळे असते. वर वाहतूकही कमी. शिकायला याहून चांगली जागा कोणती?

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. एका विद्यार्थ्याचे २०० तास, असे शेकडो विद्यार्थी. त्यातले बरेच तास गावाभोवतीच्या फेऱ्यांत जातात: उडायचे, डावीकडे वळायचे, धावपट्टीला समांतर जायचे, पुन्हा वळायचे, चाके टेकवायची आणि न थांबता पुन्हा उडायचे. डायमंड कंपनीची ही लहान विमाने जेटसारखी कर्कश नसतात. त्यांचा आवाज बारीक पण चिवट असतो, आणि तो थांबत नाही. रोवणीला वाकलेल्या बायकांच्या डोक्यावरून, शाळेच्या वर्गावरून, मयताच्या घरावरून तो दिवसभर फिरत राहतो. मोठ्या विमानतळाचा शेजारी आवाजाबद्दल तक्रार करतो तेव्हा त्याच्या हाती निदान डेसिबलचे आकडे आणि एखादी नागरिक संघटना असते. शिकाऊ विमानांच्या वर्तुळाखाली राहणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार कोणत्या खिडकीत द्यायची, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

धोकाही आहे. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेचे विमान महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर वैनगंगेच्या पात्रात कोसळले. नदीचे पाणी मोजण्यासाठी पात्रावरून ताणलेल्या तारेला ते अडकले होते. प्रशिक्षक आणि त्यांची विद्यार्थिनी, दोघेही गेले. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले आणखी एक शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातल्या भक्कूटोल्याच्या डोंगरात पडले. तिथेही प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी असे दोन जीव गेले. दूरदूरच्या घरांतून स्वप्ने घेऊन आलेली ही तरुण मुले होती. त्यांचे दुःख आणि या गावांचे दुःख एकमेकांच्या विरोधात उभे करण्याचे कारण नाही. ज्या आकाशात ती शिकत होती त्याच आकाशाखाली ही गावे राहतात, म्हणून उड्डाणमार्गातल्या तारा, टॉवर, नदीवरची बांधकामे यांची माहिती ठेवण्याच्या कामात गावांना सामील करून घेणे दोघांच्याही भल्याचे होते आणि आहे. कोणत्या घाटावर कोणती तार आहे हे डोंगा चालवणाऱ्या ढिवराइतके अचूक कोण सांगणार?

आणि मग सारस. महाराष्ट्रात सारस पक्षी उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया आणि भंडारा या धानाच्या जिल्ह्यांत, आणि त्यांची संख्या इतकी थोडी आहे की मोजणाऱ्याला एकेक जोडी ओळखीची होते. उभा राहिला की जवळजवळ माणसाच्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे करतो. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत तो बसतो, तो शेतकरी थोडे पीक तुडवले गेले तरी त्याला उठवत नाही. 'सेवा' या स्थानिक संस्थेने अशा शेतकऱ्यांना सोबत घेऊन वर्षानुवर्षे गणना आणि राखण केली आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या संवर्धनाचा प्रश्न स्वतःहून याचिका म्हणून दाखल करून घेतला. आता योगायोग असा की परसवाडा आणि झिलमिलीचे तलाव, जिथे सारस दिसतो आणि हिवाळ्यात बाहेरचे पाहुणे पक्षी उतरतात, ते विमानतळाच्या पंचक्रोशीतच आहेत.

विमानाला पक्षी चालत नाही. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम सांगतो की विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत जनावर कापू-सोलू नये, पक्षी गोळा होतील असा कचरा उघड्यावर टाकू नये. नियम योग्य आहे. पण दहा किलोमीटरमध्ये कितीतरी गावे येतात, त्यांचे आठवडी बाजार, मटणाची दुकाने, मेलेले ढोर टाकायची जागा हे सगळे येते. त्या प्रत्येक गावाला बंदिस्त कत्तलखाना आणि कचऱ्याची सोय करून देणे ही नियमाची दुसरी बाजू झाली पाहिजे होती. त्याहून नाजूक प्रश्न तलावाचा. विमानतळाला वाटू शकते की पाणी आणि पक्षी जितके दूर तितके बरे; धान पिकवणाऱ्याला तलाव हवा, सारसाला पाणथळ हवी. विमानाची वेळ, उंची आणि दिशा थोडी इकडेतिकडे करता येते. तलाव हलवता येत नाही. माझा कौल इथे तलावाच्या बाजूने आहे, आणि तो तलावाच्या बाजूने देऊनही विमाने सुखरूप उडू शकतात, हे जगभरच्या पाणथळींजवळच्या विमानतळांनी दाखवलेले आहे.

प्रवासी विमानांकडे परत येऊ. 'उडान' योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. एप्रिल २०१७ मध्ये तिची पहिली विमाने उडाली, त्यात नांदेड-हैदराबाद होते. तोट्यातल्या मार्गाला सरकार काही काळ तूट भरून देते, आणि त्या बदल्यात कंपनी काही आसने मर्यादित भाड्याला ठेवते, अशी तिची रचना आहे. गोंदियाची पाळी २०२२ मध्ये आली. फ्लायबिगची सेवा थोड्या महिन्यांतच थांबली. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबाद-गोंदिया-तिरुपती अशी सेवा सुरू केली. तिरुपतीचे नाव जोडले गेले तेव्हा गोंदिया-बालाघाटच्या भाविकांना झालेला आनंद खरा होता. उपचारासाठी हैदराबाद गाठणाऱ्या कुटुंबाला वाचणारे तासही खरे आहेत. विमान नको असे म्हणणारे या मुलखात मला फारसे कोणी आढळत नाही, अगदी प्रकल्पग्रस्तांतही नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की आमचा हिशेब करा.

पण रेल्वेशी ताडून पाहा. हैदराबादला इथून खरोखर मोठ्या संख्येने जाणारा माणूस म्हणजे बांधकामावर राबणारा गोंदिया-बालाघाटचा मजूर. तो आजही रेल्वेच्या जनरल डब्यातून किंवा बसने जातो. इथला मोठा माल म्हणजे तांदूळ; त्याला मालगाडीच लागते. सत्तर-ऐंशी आसनांच्या विमानाच्या पोटात भात गिरणीचा माल मावत नाही आणि परवडतही नाही. स्टेशनासमोर जसा बाजार वसला तसा भिंतीसमोर वसू शकत नाही, कारण विमानतळ सुरक्षेच्या नावाखाली आपल्या दारातली गर्दी टाळतो. थोडक्यात, रेल्वेने जमीन घेतली आणि शेजाऱ्यालाही आपल्या व्यवहारात ओढले. विमानतळाने जमीन घेतली आणि शेजाऱ्याला पहारा करायला ठेवले. ही तफावत आपोआप भरून निघणार नाही. ती ठरवून, नियम करून भरावी लागेल.

महाराष्ट्रात ठरवून भरून काढल्याची उदाहरणे आहेत, आणि ती सगळी लढून मिळवलेली आहेत. जानेवारी १९८४ मध्ये उरण-पनवेल भागातले शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उभे राहिले. जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व आले. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे हलवताना ते साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे गेलेल्या जमिनीच्या भविष्यातल्या किमतीत मूळ धन्याचा वाटा राहतो, हे तत्त्व सरकारने मान्य केले. तो विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन उभा राहिला. नागपूरच्या मिहान विमानतळ-प्रकल्पात शिवणगावकरांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. पुरंदरच्या सात गावांनी २०२५ मध्ये विमानतळासाठीच्या मोजणीला केलेला विरोध ताजाच आहे. बिरसीकर संख्येने थोडे, मुंबई-पुण्यापासून दूर, आणि त्यांच्या जमिनीवर बिल्डरांचा डोळा नाही. म्हणून त्यांचा आवाज पोचत नाही. पण तत्त्व संख्येवर ठरत नाही. साडेबावीस टक्क्यांचे तत्त्व पनवेलला न्याय्य असेल तर गोंदियात अन्याय्य कसे ठरेल?

जपानचे उदाहरणही इथे आठवावे असे आहे. टोकियोसाठी नारिताला विमानतळ बांधायचा निर्णय १९६६ मध्ये शेतकऱ्यांना न विचारता झाला. सानरिझुकाच्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या बाजूने उतरलेल्या विद्यार्थ्यांनी इतका कडवा विरोध केला की माणसे मेली, मार्च १९७८ मध्ये आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून मोडतोड केली, उद्घाटन लांबले आणि त्याच वर्षी मे महिन्यात कडक पहाऱ्यात विमानतळ सुरू झाला. नव्वदच्या दशकात सरकार आणि विरोधक गोलमेजाभोवती बसले, आणि १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी जे घडले त्याबद्दल माफी मागितली. तरीही काही शेतकरी हलले नाहीत. त्यांची शेते विमानांच्या वाटांमध्ये तशीच राहिली. सुरुवातीला विचारण्यात वाचवलेल्या काही महिन्यांची किंमत त्या देशाने पुढची कित्येक दशके मोजली.

बिरसीत असा संघर्ष झालेला नाही. इथली माणसे निवेदने देतात, बैठकीला येतात, विमान आले तर पोरांना दाखवायला भिंतीशी जातात. त्यांच्या या संयमाचा अर्थ त्यांना काही म्हणायचे नाही असा कोणी काढू नये.

विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर एक सल्लागार समिती असते. स्थानिक खासदार तिचे अध्यक्ष असतात. तिथे चर्चा होते ती बहुधा प्रवाशांच्या सोयींची: गाडीतळ, उपाहारगृह, नवी उड्डाणे. बिरसीच्या समितीत बिरसी, कामठा, खातिया, परसवाडा आणि झिलमिली या ग्रामपंचायतींना कायम जागा द्यावी. प्रशिक्षण उड्डाणांच्या वेळा त्या बैठकीत ठरवाव्यात: परीक्षेच्या दिवसांत शाळेवरून फेऱ्या नकोत, दुपारी ठरावीक वेळ आकाश शांत असावे. ठेक्याच्या निविदेतच अशी अट घालावी की ठेकेदार बदलला तरी प्रकल्पग्रस्त कामगार बदलणार नाही. गोंदियातल्या उड्डाण संस्थांनी दरवर्षी या गावांतल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला विनाशुल्क वैमानिक किंवा विमान देखभालीचे शिक्षण द्यावे. आठ दशके ज्यांच्या डोक्यावरून विमाने उडाली, त्यांच्यातला कोणी तरी आता विमानात बसून चालवायला हवा. तलावांचे क्षेत्र आणि सारसांच्या जागा उड्डाण नकाशावर नोंदवाव्यात. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम. धावपट्टी आणखी वाढवण्याची, मोठी विमाने आणण्याची, माल वाहतुकीची भाषा अधूनमधून होते. ती जरूर व्हावी. पण पुढच्या विस्ताराची एकही वीट रचण्यापूर्वी बिरसीच्या प्रत्येक कुटुंबाला नव्या गावठाणात घर, पाणी, रस्ता, आणि भूखंडाचा आपल्या नावाचा कागद मिळालेला असावा. जिल्हाधिकाऱ्यांनी ती यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी, आणि गोंदियाच्या खासदार-आमदारांनी ती वाचायला स्वतः बिरसीला जावे.